सरांची लाल शाई आणि ‘देअर’ची भानगड

पत्र:

बाई, नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. सकाळी गुजराती माध्यमाची बारावीची बॅच, संध्याकाळी आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेची. क्लासमध्ये एक ज्येष्ठ सर आहेत. मी तपासलेल्या वह्या ते पुन्हा तपासतात आणि माझ्या खुणांवर लाल शाईने काट मारतात. ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर नोटबुक’ मी बरोबर दिलं, त्यांनी ‘देअर’ खोडून ‘हिज’ केलं. ‘इफ आय वॉज रिच’ चूक, ‘वेअर’च हवं. ‘अँड’ने वाक्य सुरू करायचं नाही, प्रिपोझिशनवर संपवायचं नाही. ‘लेस पीपल’ दिसलं की अर्धा मार्क गेला. ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ मी इंडियन इंग्लिश म्हणून सोडलं होतं, तेही कापलं. मी मुलांना सांगितलं की इंग्रजीत भविष्यकाळ नसतोच, तर एका पालकांनी मालकीणबेनकडे तक्रार केली की नवी टीचर बारा टेन्सच्या जागी दोनच शिकवते. शेवटी वैतागून मी स्टाफच्या ग्रुपवर डिक्शनरीचे स्क्रीनशॉट टाकले. तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत. मुलं विचारतात, कुणाचं लिहायचं? बाई, बरोबर कोण? आणि मी हा क्लास सोडू का?
— लालशाईग्रस्त, बडोदे

उत्तर:

तुझ्या पत्रात व्याकरणाचे सहा-सात मुद्दे आहेत, पण मी थबकले ती मुलांच्या प्रश्नापाशी. कुणाचं लिहायचं? दोन शिक्षक एकाच वाक्याला दोन उत्तरं देऊ लागले की सतरा वर्षांचं पोरगं व्याकरण शिकायचं सोडून देतं आणि कुठल्या शिक्षकापुढे काय लिहायचं एवढंच शिकतं. फी त्याची, गोंधळही त्याचाच. म्हणून आधी मुद्दे निकालात काढते, मग सरांकडे वळू.

‘देअर’वर तू निःसंशय बरोबर आहेस. फक्त ते स्क्रीनशॉटशिवाय मांडता आलं पाहिजे. एकवचनी ‘देअर’ म्हणजे अलीकडचं अमेरिकन खूळ, असा बऱ्याच शिक्षकांचा समज असतो. प्रत्यक्षात चौदाव्या शतकापासून इंग्रजीत हा वापर सापडतो. जुना कवी चॉसर याच्यात आहे, शेक्सपिअरमध्ये आहे, जेन ऑस्टिनमध्ये तर भरपूर. ‘एव्हरीवन’शी ‘हिज’च जुळवा, हा नियम त्यानंतरचा. अठराव्या शतकातल्या शालेय व्याकरणांनी तो रुजवला, आणि पुल्लिंगी सर्वनामात स्त्रियाही आल्या असं मांडणाऱ्या सुरुवातीच्या व्याकरणकारांत ॲन फिशर नावाची एक शाळा चालवणारी बाईच होती. पुढे १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यांच्या भाषेसाठी तेच ठरवलं, आणि आपल्याकडच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमात ते आजही आहे: संदर्भ आड येत नसेल तर पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. म्हणजे सरांच्या ‘हिज’ला वंशावळ आहे, ती पार कायद्यापर्यंत जाते. पण ‘ही’ म्हटल्यावर बाईही त्यात आली, हे कलम घालून सांगावं लागलं यातच काय ते समज. २०१९ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखन-नियमावलीची सातवी आवृत्ती आली, आणि तिने शोधनिबंधांतसुद्धा एकवचनी ‘दे’ वापरायला सांगितलं. परदेशी विद्यापीठांत हजारो विद्यार्थी या नियमावलीप्रमाणे लिहितात. संध्याकाळच्या बॅचमधली तुझी मुलं उद्या तिथेच असायची आहेत.

मुलांना हे पटवायला चॉसरची गरज नाही. दारात एकटे सर उभे असले तरी आपण ‘सर आले’ म्हणतो, गुजरातीत ‘सर आव्या’. माणूस एक, क्रियापद अनेकवचनी, आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. आपल्याकडे कारण आदराचं असतं, इंग्रजीत ती व्यक्ती बाई की पुरुष हे ठाऊक नसण्याचं. पण मोजणी एकाची आणि रूप अनेकांचं, ही कल्पना आपल्या मुलांना घरातूनच मिळालेली असते. ‘यू’चंही तेच झालं आहे. मूळचं अनेकवचन, आज एकट्या माणसाला ‘यू आर’ म्हणतो, आणि सरांनीसुद्धा ते कधी कापलेलं नसणार.

हे झालं खरं-खोटं. सकाळच्या बॅचचा पेपर मात्र तू तपासणार नाहीस आणि सरही नाहीत. कुठल्या तरी गावातले अनोळखी परीक्षक ढिगातून तो उचलणार, आणि त्यांची मतं सरांसारखी असू शकतात. तिथे मुलांना पळवाट शिकव: ‘ऑल स्टुडंट्स शुड ब्रिंग देअर नोटबुक्स’. वाक्य अनेकवचनी केलं की ‘देअर’ कुणाच्या बापाला कापता येत नाही. ‘हिज ऑर हर’ही चालेल, पण पाच ओळींत चारदा आलं की वाक्य लंगडायला लागतं.

‘इफ आय वॉज’ आणि ‘इफ आय वेअर’ यांत मी सरांच्या बाजूने थोडी झुकेन, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही. बोलताना इंग्रज माणूस सर्रास ‘इफ आय वॉज रिच’ म्हणतो, ती चूक नव्हे. लिहिताना ‘वेअर’ औपचारिक वाटतं आणि कुणीच कापत नाही, म्हणून परीक्षेत ते बरं. सल्ला देतानाचं ‘इफ आय वेअर यू’ तर ठरूनच गेलेलं आहे, ते तसंच पाठ करून घे. खरा धोका पुढे असतो. ‘इफ’ दिसला की ‘वेअर’ घाला, असं डोक्यात बसलेला मुलगा ‘इफ आय वेअर रूड यस्टरडे, आय ॲम सॉरी’ लिहितो. इथे ‘वॉज’च हवं. काल मी खरंच उद्धट वागलो असेन, ती घडून गेलेली शक्यता आहे. कल्पनेतली श्रीमंती नव्हे. मराठीत विचारलं की फरक लगेच कळतो: ‘मी श्रीमंत असते तर’ आणि ‘मी काल उद्धट बोलले असेन तर’. दोन वेगळी रूपं. मुलांना ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायला लाव. नुसत्या ‘वेअर’च्या हट्टाने ही चूक वाढते, हे सरांनाही मान्य होईल, इतकी वर्षं वह्या तपासणाऱ्याने ती पाहिलेली असणारच.

आता भविष्यकाळ. इथे तू बरोबर आहेस आणि वागलीस मात्र चुकीचं. ते पालक ओरडले याचं मला नवल वाटत नाही.

‘इंग्रजीत भविष्यकाळ नाही’ हे विद्यापीठातलं वाक्य आहे. त्याचा अर्थ इतकाच की इंग्रजी क्रियापदाचं रूप स्वतः दोनच काळांसाठी बदलतं: ‘वॉक’ आणि ‘वॉक्ड’. उद्यासाठी वेगळं रूप नाही, त्यासाठी ‘विल’ जोडावा लागतो, आणि ‘विल’ बसतो ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या रांगेत. १९८५ आणि २००२ साली आलेली इंग्रजीची दोन सर्वांत मोठी वर्णनात्मक व्याकरणं यावर एकमताची आहेत. सरांचा बारा टेन्सचा तक्ता म्हणजे तीन काळ गुणिले चार रूपं. भाषाशास्त्राला तो मान्य नाही, पण पाठांतराला सोयीचा आहे आणि आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर उभ्या राहिल्या आहेत.

तुझ्यासमोरच्या मुलांच्या दोन्ही भाषांत भविष्यकाळ अगदी ठसठशीत असतो. मराठीत जाईन, जाशील, जाईल. गुजरातीत जईश, जशे. त्यांना ‘इंग्रजीत भविष्यकाळ नसतोच’ म्हटलं, तर त्यांच्या कानांवर काय पडलं असेल? हे लोक उद्याबद्दल बोलतच नाहीत! घरी जाऊन त्यांनी तेच सांगितलं. तक्रार करणाऱ्या पालकांना हसू नकोस. त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं.

बारावीच्या बॅचमध्ये तक्त्याला हात लावू नकोस. तिथे ‘फ्यूचर टेन्स’ हे नाव राहू दे. नावाने काही बिघडत नाही. संध्याकाळी मात्र तक्ता बाजूला ठेवून उद्याबद्दल इंग्रजीत किती तऱ्हांनी बोलतात ते शिकव, कारण आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत ‘तुझा पुढचा बेत काय’ हा प्रश्न या ना त्या रूपात निघतोच, आणि आपली मुलं प्रत्येक वाक्यात ‘आय विल, आय विल’ करत सुटतात. वेळापत्रकातली गोष्ट साध्या वर्तमानात: ‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स’. ठरवून टाकलेली भेट अपूर्ण वर्तमानात: ‘आय ॲम मीटिंग द एजंट टुमारो’. मनातला बेत किंवा डोळ्यांसमोर दिसणारं लक्षण ‘गोइंग टु’ने: आभाळ भरून आलं की ‘इट्स गोइंग टु रेन’. आणि त्या क्षणी ठरवलेलं, किंवा वचन, ‘विल’ने. मराठीत हे सगळं आपण करतोच. ‘उद्या मुंबईला जातेय’ हे वर्तमानकाळातलं. ‘आलेच!’ म्हणून स्वयंपाकघरातून ओरडणारी बाई भूतकाळात बोलते आणि येते दहा मिनिटांनी. आणि बेल वाजल्यावर ‘दूधवाला असेल’ म्हणतो तेव्हा रूप भविष्याचं, अंदाज आत्ताचा; इंग्रजीतलं ‘दॅट विल बी द मिल्कमन’ हुबेहूब तेच. एवढ्या एका वाक्याने मुलांना ‘विल’ म्हणजे फक्त उद्या नव्हे हे कळतं, आणि तुला ‘भविष्यकाळ नसतो’ अशी घोषणा करायची वेळच येत नाही.

या सगळ्या वादात एक खरीखुरी चूक निसटून जाते. ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम.’ आपल्याकडे ‘तो येईल तेव्हा सांगेन’, गुजरातीत ‘ए आवशे त्यारे कहीश’. दोन्हीकडे दोन्ही क्रियापदं भविष्यात, म्हणून मूल इंग्रजीतही दोनदा ‘विल’ घालतं. इंग्रजीला पहिल्या अर्ध्यात ‘कम्स’ हवं. ही चूक तोंडी परीक्षेत घेणाऱ्याच्या कानाला ताबडतोब लागते, आणि यावर तुझा आणि सरांचा काडीचाही मतभेद नाही. टेन्स दोन की बारा यावर भांडायचा वेळ इथे घाला.

‘अँड’ आणि प्रिपोझिशन यांवर फार शाई नको. १६११ च्या इंग्रजी बायबलचा पहिलाच अध्याय उघडलास तर वाक्यामागून वाक्य ‘अँड’नेच सुरू होतं. वाक्याच्या शेवटच्या प्रिपोझिशनला पहिला ठळक आक्षेप कवी ड्रायडनने १६७२ मध्ये घेतला, तोही नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणावर बोट ठेवून, आणि मग स्वतःच्या जुन्या लेखनातलीही तशी वाक्यं दुरुस्त केली. १९२६ साली भाषावापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरसारख्या काटेकोर माणसाने या नियमाला अंधश्रद्धेत जमा करून टाकलं, त्यालाही आता शंभर वर्षं होत आली. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ हे सरांनी एकदा ‘ॲट’ पुढे आणून मोठ्याने म्हणून पाहावं. तरी निबंधात चार वाक्यं सलग ‘अँड’ने सुरू झाली तर कापलीच पाहिजेत, नियमासाठी नव्हे, ती वाचायला बाळबोध लागतात म्हणून. आयेल्ट्सच्या लेखनात वाक्यांची जोडणी वेगळी तपासली जाते, तिथे हे थेट गुणांना लागतं.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चंही मूळ असंच गमतीचं आहे. रॉबर्ट बेकर नावाच्या एका गृहस्थांनी १७७० साली लिहिलं की मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ अधिक बरं दिसेल असं मला वाटतं. त्यांच्या या ‘मला वाटतं’चा पुढच्यांनी कायदा केला. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लेस’ तर नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या लेखनातही आहे. इंग्लंडातल्या दुकानांत ‘टेन आयटम्स ऑर लेस’च्या पाट्यांवरून इतकी कुरकुर झाली की २००८ मध्ये टेस्को या दुकानांच्या साखळीने ‘अप टु टेन आयटम्स’ लिहून वादातून अंग काढून घेतलं. लिहिताना ‘फ्यूअर पीपल’ शिकव, त्यात काही जात नाही. अर्धा मार्क मात्र कापायचा नाही. आणि सरांनी काटलेल्या वह्यांत ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ किंवा ‘लेस दॅन टू अवर्स’ कापलेलं आहे का ते बघ. तिथे ‘लेस’च बरोबर आहे, कारण अंतर आणि वेळ आपण सुटे नग म्हणून मोजत नाही. ‘फ्यूअर’ची धास्ती घेतलेल्या शिक्षकांचा हात नेमका तिथेच सुटतो.

‘आय ॲम हॅविंग अ डाउट’. इथे सर बरोबर आहेत, आणि तू ज्या कारणाने सोडलंस ते कारण मला समजतं. इंडियन इंग्लिशला स्वतःची रीत आहे की ती फक्त बिघडलेली इंग्रजी, यावर मोठी माणसं भांडली आहेत. श्रीनगरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू पहिल्या बाजूला, लंडनचे रँडॉल्फ क्वर्क दुसऱ्या, १९९० च्या आसपास त्यांची जुगलबंदी गाजली होती. मी काचरूंच्या बाजूची. ‘पोस्टपोन’च्या उलटा ‘प्रीपोन’ आपल्याकडून ऑक्सफर्डच्या कोशात गेला याचा मला आनंदच आहे. पण आयेल्ट्सला बसणाऱ्याने पैसे भरलेत ते बँड, म्हणजे त्या परीक्षेतली श्रेणी, मिळवायला, काचरूंचा झेंडा खांद्यावर घ्यायला नव्हे. त्यातून ‘डाउट’ म्हणजे आपल्याकडे शंका विचारणं. टोरंटोच्या वर्गात त्याचा अर्थ विश्वास नसणं असा होतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ शिकव. आणि ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम लाइकिंग’ कुठून येतं तेही मुलांना सांग. ‘मला कळत नाहीये’, ‘मला आवडतंय’ ही आपली रोजची वाक्यं. इंग्रजीत कळणं, आवडणं, माहीत असणं सहसा अशा चालू रूपात येत नाही. कुणीतरी हात वर करून २००३ पासून चाललेली ती बर्गरची ‘आय ॲम लव्हिंग इट’ जाहिरात काढेलच. तिला नियम माहीत आहे, म्हणूनच तिने मोडला तो कानात भरतो, इतकं उत्तर पुरे.

‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’, ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन’, ‘वी डिस्कस्ड अबाउट इट’, आणि आर्टिकलचा तर सगळाच आनंद. या चुका तुझ्या दोन्ही बॅचमध्ये प्रत्येक पानावर असणार, पण पत्रात त्यांचा उल्लेखही नाही, कारण त्यांवर तुमचं भांडण नाही. ‘मी त्याला काल पाहिलंय’ हे मराठीत चालून जातं, इंग्रजीत काळाचा ठिपका सांगितला की ‘हॅव’ पळून जातो. ‘तो कुठे आहे’ आपण थेट विचारलं काय आणि ‘मला सांग, तो कुठे आहे’ म्हटलं काय, आतली रचना बदलत नाही. इंग्रजीत बदलते, ‘व्हेअर ही इज’. आणि ‘अ’ व ‘द’ तर मराठीतही नाहीत, गुजरातीतही नाहीत. ते शून्यापासून बसवावे लागतात, आठवड्यातून दोन तास दिले तरी वर्ष अपुरं पडतं. आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत समोरची व्यक्ती अकरा ते चौदा मिनिटं ऐकते. चार निकषांवर समान गुण देते, त्यांतला एक व्याकरणाचा आवाका आणि अचूकपणा. सात बँडसाठी निर्दोष वाक्यं वरचेवर यावी लागतात. त्या मिनिटांत तुझा ‘देअर’ कुणी ऐकतही नाही. ‘व्हेअर इज द स्टेशन’ मात्र ऐकू जातं. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही रीती तिथे मान्य आहेत. लिहिताना एकच धरून ठेवावी, एवढं मुलांना सांग.

आता सर. स्टाफच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकलेस ते वाईट केलंस. मजकूर बरोबर होता, जागा चुकीची होती. चारचौघांत हरलेला माणूस नियमाला अधिकच चिकटतो, आणि तुझ्या दुप्पट वयाचा शिक्षक तर हमखास. त्यांना एकट्यांना गाठ, क्लास सुटल्यावर, चहाला किंवा सेव-उसळीला. ‘सर, ते ग्रुपवर टाकायला नको होतं’ इतकं म्हण आणि थांब. मुद्दे मागे घ्यायचे नाहीत. मग ‘हॅविंग’चा विषय तू स्वतः काढ: ‘त्यात तुमचं बरोबर होतं, मी आता तसंच शिकवते.’ एक मुद्दा त्यांच्या पदरात टाकलास की बाकीच्यांवर बोलता येतं. त्यांना विचारायचा प्रश्न ‘चूक की बरोबर’ हा नसावा. ‘सर, सकाळच्या मुलांचा पेपर कोण तपासणार आणि संध्याकाळच्यांचा कोण?’ असं विचारलंस की उत्तर तेच देतील.

मग दोघांनी बसून एक पान करा. डावीकडे वाक्य, शेजारी सकाळच्या बॅचला काय शिकवायचं, त्याच्या शेजारी संध्याकाळच्या बॅचला काय चालेल. ‘देअर’, ‘वेअर’, ‘लेस’, ‘अँड’, पंधरा-वीस वाक्यांत सगळं आटपतं. अशा कामाला बडोदं नवखं नाही. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारासाठी ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ करवून घेतला, १९३१ साली. इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृतसह इतर भाषांतले पर्याय ओळीने मांडलेले. कुठला शब्द खरा यावर किती पंडित भांडले असतील त्या समितीत! तुमचं तर एकाच भाषेचं एकच पान आहे. ते वर्गात चिकटवा, खाली दोघांच्या सह्या.

लाल शाईचा विषय व्याकरणापासून वेगळा काढून बोल. तुझ्या खुणेवर त्यांनी काट मारणं हा मतभेद नव्हे, शिष्टाचाराचा प्रश्न आहे, आणि तो तू स्पष्ट मांडायला हवास: ‘सर, माझ्या तपासणीत चूक दिसली तर मला दाखवा, मी वहीत दुरुस्त करीन. मुलांच्या वहीवर नको.’ आवाज न चढवता. ‘सॉरी’ने सुरुवात न करता.

मुलं उद्या पुन्हा विचारतील. त्यांना सांग, सकाळच्या पेपरला पानावर आहे ते लिहा, कारण तपासणारा माणूस आपल्या ओळखीचा नाही. बाहेर बोलताना दोन्ही ऐकायला मिळतील आणि दोन्ही चालतात. ‘सर चुकीचं सांगतात’ हे वाक्य तुझ्या तोंडून वर्गात जाता कामा नये, आणि ‘दोन्ही बरोबर’ म्हणून विषय सोडूनही देऊ नकोस. मुलांना काहीतरी एक लिहायचं असतं. त्या पालकांना मात्र स्वतः फोन कर. बारा टेन्सचा तक्ता शिकवून होईल, परीक्षेआधी त्याची उजळणीही होईल, असं सांग. भाषाशास्त्र काढू नकोस.

क्लास सोडायचा का? ‘हिज’ आणि ‘देअर’साठी सोडू नकोस, पुढच्या क्लासमध्येही असे सर असणारच. पण बोलून, पान करूनही ते तुझ्या वह्यांवर काट मारत राहिले, तर मालकीणबेनकडे जा आणि एकच माग: एका बॅचच्या वह्या एकानेच तपासायच्या. संध्याकाळची बॅच पूर्ण तुझी, सकाळची हवी तर त्यांची. त्यांनी नाही म्हटलं, किंवा ‘सर जुने आहेत, जरा समजून घे’ एवढ्यावर बोळवण केली, तर अलकापुरीकडे आयेल्ट्सच्या क्लासेसच्या पाट्या कमी नाहीत; अर्ज टाकायला लाग. राजीनामा मात्र बोर्डाची परीक्षा आटोपल्यावर दे. बारावीची बॅच मध्येच सोडलीस तर ती मुलं पुन्हा तिसऱ्या शिक्षकाच्या हाती जातील, आणि त्याच्या खिशात कुठल्या रंगाचं पेन असेल कुणास ठाऊक.